अंदमानला कधी जावं? आधी वारा बघा, मग पाऊस

अंदमानचं बुकिंग करायला बसलेला माणूस सहसा एकच गोष्ट शोधतो: त्या महिन्यात पाऊस किती. हवामानाच्या ॲपवर महिन्याची सरासरी काढायची आणि ढगाचं चित्र दिसलं की तो महिना बाद. माथेरानला जाताना एवढा हिशोब पुरतो. बेटांच्या बाबतीत तो दगा देतो, कारण तिथली सहल पावसाने क्वचित आणि वाऱ्याने हमखास बिघडते.

पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून सरकारी कागदोपत्री श्री विजय पुरम) वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकायला मोठा, पण तो सात-आठ महिन्यांत विभागलेला असतो. ऐन पावसाळ्यातल्या एखाद्या महिन्याचा पाऊससुद्धा मुंबईच्या जुलैच्या साधारण निम्माच भरतो. जोराची सर येते, थांबते, ऊन पडतं. सेल्युलर जेल बघून होतं, रिक्षा मिळतात, हॉटेलं चालू असतात. घोडं अडतं ते पुढे. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक (स्वराज द्वीप) समुद्रमार्गे पन्नासेक किलोमीटर, नील (शहीद द्वीप) पस्तीस-चाळीस. खासगी कॅटामरान दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास घेते. रस्त्याने जायची सोय नाही. एक बोट सुटली नाही की पुढच्या तीन दिवसांची बुकिंगं एकापाठोपाठ एक कोलमडतात. आणि बोट पावसामुळे थांबत नाही, लाटांमुळे थांबते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून महिना निवडताना बघायचं ते असं: वारा कुठून येतो, किती जोराने येतो आणि वाटेत त्याला जमीन आडवी येते का.

वाऱ्याचं वर्ष

अंदमान वर्षातून दोनदा मान्सून झेलतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचा. उन्हाळ्यात भारताची जमीन तापते, तिच्यावर हवेचा दाब कमी होतो आणि हिंदी महासागरावरचा दमट वारा तिकडे ओढला जातो. हा वारा केरळात सरासरी १ जूनला पोचतो, पण अंदमानला त्याच्या आधीच गाठतो. 'मान्सून अंदमानात दाखल' ही मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे येणारी बातमी महाराष्ट्रात सगळ्यांना सुखावते. हॅवलॉकच्या जेटीवर बॅगा घेऊन उभ्या असलेल्यांना सोडून.

जून, जुलै, ऑगस्टमध्ये हा वारा दिवसचे दिवस एकाच दिशेने लागून राहतो. एकाच दिशेच्या वाऱ्याला लांबलचक मोकळं पाणी मिळालं की लाट मोठी होत जाते, आणि बंगालच्या उपसागरात अशा पाण्याला तोटा नाही. बेटांच्या पश्चिम किनाऱ्यांवर तिचा थेट मारा होतो. हॅवलॉकचा प्रसिद्ध राधानगर किनारा नेमका पश्चिमेकडे तोंड करून आहे. फेब्रुवारीतल्या फोटोत तळ्यासारखं निळं दिसणारं तिथलं पाणी जुलैत गढूळ आणि उसळतं असतं आणि पोहायला मनाई असते. त्याच दिवशी बेटाच्या पूर्वेच्या अंगाला, विजयनगर किंवा कालापत्थरच्या बाजूला, पाणी बरंच शांत असू शकतं, कारण मधलं जंगल आणि टेकाड वारा अडवतं.

इथे एक बारकावा आहे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक हा बोटीचा मार्ग मोठ्या बेटांच्या पूर्वेला आहे. म्हणजे नैर्ऋत्येच्या वाऱ्यात त्याला दक्षिण अंदमानच्या जमिनीचा थोडाफार आडोसा मिळतो. म्हणूनच पावसाळ्यातही बोटी पूर्ण बंद नसतात. फेऱ्या कमी होतात, अधूनमधून रद्द होतात आणि ज्या सुटतात त्यांत निम्मे प्रवासी डोळे मिटून, पिशवी हातात धरून बसलेले असतात. ईशान्येकडून वारा आला तर मात्र या मार्गाला कुठलाच आडोसा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाश फारसं काळं नसतानाही फेऱ्या का रद्द होतात, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

नाव नसलेली वादळं

ऑक्टोबर ते मध्य डिसेंबर हा काळ जाहिरातींत 'सीझन सुरू' म्हणून येतो. हवा छान असते, पावसाच्या सरी कमी होत जातात, झाडी हिरवीगार असते. पण बंगालच्या उपसागरातला चक्रीवादळांचा मोठा मोसमही हाच. (दुसरा, लहान मोसम एप्रिल-मे.) आणि अंदमान या वादळांच्या जन्मस्थानाशेजारीच आहे.

होतं असं. दक्षिण चीन समुद्राकडून किंवा थायलंडच्या आखातातून एखादं विस्कटलेलं कमी दाबाचं क्षेत्र मलाय द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्रात उतरतं. इथलं पाणी वर्षभर २७ ते ३० अंश सेल्सिअस. त्या उबेवर ते पुन्हा बाळसं धरतं, पश्चिमेला किंवा वायव्येला सरकतं, बेटांवरून जातं आणि पुढे आंध्र, ओडिशा किंवा तमिळनाडूपर्यंत पोचेतो मोठं वादळ होतं. २०१३ चं फायलिन असंच आलं. अंदमानची बेटं ओलांडून ते चार दिवसांत ओडिशातल्या गोपाळपूरला धडकलं. २०१४ चं हुदहुद ८ ऑक्टोबरला अंदमानातल्या लाँग आयलंडजवळून गेलं आणि १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला त्याने धूळधाण केली.

म्हणजे अंदमानच्या वाट्याला बहुतेकदा वादळाचं बाल्य येतं, आणि फसगत होते ती इथेच. भारतीय हवामान विभाग वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचल्यावरच चक्रीवादळाला नाव देतो. त्याआधी वेग ३१ ते ४९ असेल तर ते डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, आणि ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन. पर्यटक बातम्यांत वादळाचं नाव शोधतो. ते सापडत नाही, म्हणून निर्धास्त राहतो. बोटी थांबायला मात्र नावाची गरज नसते. ताशी ४५-५० चा वारा पुरतो. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे 'वरदा' नावाचं चक्रीवादळ झालेली कमी दाबाची प्रणाली अंदमानजवळ घोटाळत होती, तेव्हा हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. चेन्नईला ते वादळ १२ डिसेंबरला धडकलं. अंदमानची पंचाईत त्याच्या आधीच्या आठवड्यातली.

असं दरवर्षी होतं का? नाही. एखाद्या वर्षी अख्खा नोव्हेंबर निवांत जातो. पण ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये जायचंच असेल, तर वेळापत्रकात एक-दोन मोकळे दिवस ठेवल्याशिवाय जाऊ नये. मोसमाबाहेरही अपवाद घडतात: जानेवारी २०१९ मध्ये पाबुक आलं आणि मार्च २०२२ मध्ये बेटांना समांतर सरकणारं डीप डिप्रेशन चक्रीवादळ होता होता राहिलं. मार्चमध्ये हे इतकं दुर्मीळ, की त्यासाठी मार्च टाळण्यात अर्थ नाही.

मग उत्तम काळ कोणता?

मध्य जानेवारी ते मध्य एप्रिल. त्यातही निवडायचं झालं तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा आणि मार्च.

मध्य डिसेंबर ते जानेवारीची सुरुवात हा काळ हवेला चांगला, पण ईशान्येचा वारा अजून अंगात असतो. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर आणि नीलच्या सीतापूरला पाणी खळबळतं राहतं. शिवाय नाताळ ते ५ जानेवारी या दिवसांत खोल्यांचे आणि विमानाचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात, बोटींची तिकिटं महिनाभर आधी संपतात आणि एलिफंट बीचला स्नॉर्केलिंगसाठी पाण्यात माणसांची रांग लागते. त्या किमतीला ते दिवस घेण्यासारखे नाहीत, असं आमचं स्पष्ट मत.

जानेवारीच्या मध्यानंतर वारा मंदावत जातो. फेब्रुवारी-मार्च वर्षातले सर्वांत कोरडे महिने. समुद्र शांत, त्यामुळे तळाची वाळू आणि गाळ ढवळत नाही, पावसाचं गढूळ पाणी ओढ्यांतून समुद्रात येत नाही आणि पाण्याखाली दूरवर स्पष्ट दिसतं. स्कूबा करायचं असेल तर पैसे वसूल व्हायचे महिने हेच. दिगलीपूरजवळच्या कालीपूर किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं बघायची असतील, तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

एप्रिलमध्ये समुद्र आरशासारखा गुळगुळीत असतो, पण उकाडा वाढतो. पारा ३२-३३ च्या पुढे फारसा जात नाही. तरी दमट हवेमुळे घामाच्या धारा लागतात; कोकणातला मे आठवा. दुपारी बारा ते तीन बाहेर फिरणं ज्येष्ठांना झेपत नाही. पाण्याखालीही एक गोष्ट घडते: एप्रिल-मेमध्ये पाण्याचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं आणि तिथे टिकलं, की प्रवाळ आपल्यातली रंगीत शेवाळं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. प्रवाळ बघणं हाच मुख्य हेतू असेल तर मार्च एप्रिलपेक्षा उजवा.

मराठी पर्यटकांचा एक खास मुद्दा. सेल्युलर जेलला सावरकरांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून बरेच गट दोन तारखा धरून जातात: २६ फेब्रुवारी, म्हणजे त्यांचा आत्मार्पण दिन, आणि २८ मे, म्हणजे जयंती. हवामानाच्या दृष्टीने या दोन तारखांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. २६ फेब्रुवारी ऐन उत्तम काळात येते. २८ मेला मान्सून बहुधा येऊन ठेपलेला असतो. जेल बघणं, कोठडीसमोर उभं राहणं, हे पावसातही होतं. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम उघड्यावर असतो, तो पावसाच्या मर्जीवर. म्हणून २८ मेच्या गटाने सगळा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवावा आणि हॅवलॉक-नील 'जमलं तर' या खात्यात टाकावं.

जून ते सप्टेंबर सरसकट नाही म्हणायचं कारण नाही. खोल्या निम्म्या दरात मिळू शकतात, जंगल देखणं असतं, गर्दी नसते. हातात आठ-नऊ दिवस असतील, समुद्रात उतरण्याचा हट्ट नसेल आणि बोट रद्द झाली तर पुस्तक काढून बसायची तयारी असेल, तर जावं. चार रात्रींच्या पॅकेजवर या काळात जाणं म्हणजे जुगार.

दिवस लवकर संपतो

महिना ठरवताना हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे उजेड. घड्याळ भारताचंच, पण बेटं मुंबईच्या सुमारे २० रेखांश पूर्वेला. डिसेंबरच्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरला सूर्य पाच वाजायच्या आतच मावळतो; मुंबईत तेव्हा अजून तासभर ऊन असतं. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्यास्त साडेपाचच्या जरा आधी. उलट पहाट साडेपाचच्या सुमाराला होते.

याचा परिणाम थेट खर्चावर होतो. दुपारी दोनची बोट घेऊन साडेतीन-चारला हॅवलॉकला उतरलात, खोलीवर जाऊन आवरलंत, की राधानगरचा सूर्यास्त हुकला आणि त्या दिवसाचं भाडं फुकट. डिसेंबरमध्ये सकाळचीच बोट घ्या. न्याहारी सातला, जेवण बाराला, असा घड्याळाचा काटा तासभर पुढे सरकवून दिवस आखलात तर डिसेंबरही पुरतो.

तिथी बघून जा

महिना ठरला की त्यातला आठवडा भरती-ओहोटीवरून ठरवावा. हे बहुतेक एजंट सांगत नाहीत.

अंदमानात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तो बराच कमी. नीलवरचा खडकाचा नैसर्गिक पूल बघायला खडकाळ तळावरून चालत जावं लागतं आणि ते ओहोटीलाच जमतं. पाणी चांगलं ओसरलं की खडकांच्या डबक्यांत तारामासे, समुद्रकाकड्या, छोटे खेकडे दिसतात. अष्टमीला पाणी पुरेसं उतरत नाही आणि लोक अर्ध्या वाटेवरून परततात. याउलट नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट घ्यायची असेल, तर भर ओहोटी नको, कारण मग बोट लांब उभी राहते आणि तिथवर पाण्यातून, बऱ्याचदा प्रवाळावरून, चालत जावं लागतं. पाय कापतात आणि प्रवाळही मरतो.

रात्री पाण्यात हात फिरवला की निळसर ठिणग्या उठतात, तो चमकणाऱ्या सूक्ष्म जीवांचा खेळ हॅवलॉकला कयाकमधून दाखवतात. त्याला मिट्ट काळोख लागतो. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर पैसे देऊन चांदणं बघून याल. अमावास्येच्या आगेमागे तीन दिवस धरले तर काळोखही मिळतो आणि उधाणाची मोठी ओहोटीही.

एक सावधगिरी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. भरतीची वेळ बंदरागणिक बदलते, त्यामुळे अंदमानात तो जसाच्या तसा लावला तर गफलत होते. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर सहज मिळतं, तेच बघावं.

वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या बेटांवर जायचं असेल, तर जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन्ही बेटं एकाच वेळी खुली नसतात. साधारणपणे कोरड्या मोसमात जॉली बॉय आणि पावसाळ्यात रेड स्किन अशी पाळी असते. सोमवारी बोटी नसतात आणि प्लास्टिकची बाटली सोबत नेता येत नाही.

सुट्ट्यांचं काय?

आता खरी अडचण. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या घरात फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा. सुट्टी मिळते दिवाळीत आणि मे महिन्यात. म्हणजे एकदा वादळांच्या मोसमात आणि एकदा मान्सूनच्या तोंडावर.

यातून वाट अशी काढता येते. वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आटोपते. ती संपल्याबरोबर निघून १० मेच्या आत परत यायचं. समुद्र तेव्हा बहुधा शांत असतो, उकाडा सोसावा लागतो. १५ मेनंतरची तारीख एजंटाने कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नये. दिवाळी कधी येते यावरही बरंच अवलंबून आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला. दिवाळी जितकी उशिरा तितका पाऊस कमी, वादळाची टांगती तलवार मात्र दोन्हीकडे. दिवाळीत जाणाऱ्यांनी किमान सात रात्री धराव्यात.

दुसरी वाट म्हणजे बेटच बदलायचं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात आणि आपली सुट्टी तिथल्या चांगल्या काळात पडते. बालीचा कोरडा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. म्हणजे अंदमानला नको असलेली २० मेची तारीख बालीला एकदम योग्य. मॉरिशसचा उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. पण मे आणि ऑक्टोबर हे दोन्ही मॉरिशसला छान, म्हणजे आपल्या दोन्ही सुट्ट्या चालतात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आग्नेयेचा व्यापारी वारा जोरात असतो आणि पाणी थंड, साधारण २२-२३ अंश. तेव्हा पूर्व किनाऱ्याऐवजी आडोशाच्या उत्तर किंवा पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम करावा. तिथल्या मराठी समाजाचा गणेशोत्सव बघायचा असेल तर अर्थातच भाद्रपद. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

मालदीव विषुववृत्ताला इतकं चिकटून आहे की चक्रीवादळ तिथे सहसा फिरकत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जो पीळ बसतो तो विषुववृत्तापाशी जवळजवळ नसतो. कोरडे महिने जानेवारी ते मार्च. पण बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू खाडीत मांटा रे मासे झुंडीने येतात ते मे ते नोव्हेंबर या पावसाळी काळात, कारण तेव्हाच वारा आणि प्रवाह त्यांचं खाद्य तिथे ओढून आणतात. 'उत्तम काळ' कशासाठी, हे आधी ठरवावं लागतं ते असं.

लक्षद्वीपला ऑक्टोबर ते एप्रिल. ईशान्येचा वारा तिथे भारताची जमीन ओलांडून पोचतो, त्यामुळे लाट मोठी होत नाही. तरी डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळं या बेटांजवळूनच गेली, आणि परवाना लागत असल्यामुळे तिथे ऐनवेळी तारीख फिरवता येत नाही. श्रीलंकेत मात्र एकाच बेटावर दोन मोसम आहेत: डिसेंबर ते मार्च नैर्ऋत्येचा गॉल-मिरिस्सा किनारा, मे ते सप्टेंबर पूर्वेचा त्रिंकोमाली. थायलंडमध्येही तोच प्रकार. फुकेत नोव्हेंबर ते एप्रिल बरं, तर दुसऱ्या बाजूच्या को सामुईला ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो पाऊस.

दिवस कसे लावायचे

सगळ्यांत जास्त नुकसान एका चुकीने होतं: परतीच्या विमानाच्याच सकाळी हॅवलॉकहून बोट पकडणं. पैसे वाचावेत म्हणून पॅकेजमध्ये असं बसवलेलं असतं. बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे परत मिळतात. विमानाचे आणि पुढच्या जोडविमानाचे मिळत नाहीत. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं, त्यामुळे फटका दुहेरी.

क्रम असा ठेवा. उतरल्याच्या दिवशी सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दोन किंवा तीन रात्री. तिथून नील, एक रात्र. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर. रॉस बेट, चिडियाटापू, संग्रहालयं ही जवळची ठिकाणं शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा. बोट रद्द होऊन एक दिवस गेलाच तर तो इथून कापता येतो. या राखीव दिवसाचा दुसरा फायदा म्हणजे स्कूबा. पाण्याखालून आल्यावर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्याआधी किमान १८ तास, शक्य तर २४, मध्ये जायला हवेत.

हॉटेल ठरवताना एक प्रश्न लेखी विचारा: बोट रद्द झाली तर तारीख बदलून देणार का? व्हॉट्सॲपवर आलेलं 'हो' पुरतं. खासगी बोटी थांबल्यावर जड सरकारी बोट कधी कधी सुटते, पण तिच्यात स्थानिकांना प्राधान्य असतं. तिच्या भरवशावर राहू नका.

उलटीचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या डेकवर, मध्यापासून जरा मागे बसावं. बोटीचं नाक सर्वांत जास्त उसळतं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही.

निघण्याआधी काय बघायचं

महिनाभर आधी पुढच्या हवेबद्दल उपयोगाचं काहीच कळत नाही, तेव्हा रोज ॲप उघडून जीव टांगणीला लावू नये. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. जाण्यापूर्वीच्या दोन गुरुवारी त्यात बंगालच्या उपसागरात प्रणाली तयार होण्याची शक्यता किती दिली आहे, तेवढं वाचावं.

पाच दिवस उरले की हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज किंवा विंडी ॲप बघावं. वारा १० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आत असला की प्रवास निवांत, १५ नॉटला बोट नाचते, २० च्या पुढे फेऱ्यांवर परिणाम होऊ लागतो. लाटेची दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर मधूनच एखादी लाट पावणेतीन मीटरचीही येऊ शकते. उंचीशेजारी सेकंदांत 'पीरियड', म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, दिलेला असतो, तोही वाचावा. सहा सेकंदांची दीड मीटर लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली, बोटीला दणके देणारी. चौदा सेकंदांची तेवढीच लाट दूर दक्षिणेच्या महासागरातून आलेली असते. ती बोटीला हळुवार झुलवते, पण किनाऱ्यावर जोराने फुटते आणि पाय ओढून नेते. ऊन लख्ख पडलेलं असताना लाल झेंडा का लावलाय, असा प्रश्न पडतो तेव्हा कारण बहुधा हीच लाट असते.

हॅवलॉकवर असताना हवामान विभागाच्या पत्रकात 'अंदमान समुद्रात ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असं वाक्य दिसलं, की उद्याची वाट बघू नका. उरलेल्या रात्रीचं भाडं सोडून द्या, मिळेल ती पुढची बोट पकडा आणि पोर्ट ब्लेअर गाठा. अडकलात तरी विमानतळाच्या बाजूला अडकाल.